अफझलगंजची चिंच आणि धोरणाची शाळा

हैदराबादेच्या जुन्या शहरातून मुसी नदीवरील नवा पूल ओलांडून उत्तर तीरावर आले, की अफझलगंज लागते. पाचवे निजाम अफझलुद्दौला यांनी ही जागा धान्याच्या व्यापाऱ्यांस दिली, म्हणून तिला त्यांचे नाव पडले. आजही येथे गाड्यांची गर्दी, हमालांच्या हाका आणि मसाल्यांचा वास यांतूनच वाट काढावी लागते. या गजबजाटात दोन शांत जागा आहेत. एक, नदीच्या काठी उभी असलेली राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य इमारत. १८९१ साली स्थापन झालेला आसफिया ग्रंथसंग्रह १९३६ साली येथे आला. दुसरी जागा त्याहून साधी. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. १९०८ सालच्या महापुरात सुमारे १५० माणसे या झाडावर चढून बसली आणि वाचली, असे हैदराबादकर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत.

सार्वजनिक धोरणाचा अभ्यास म्हणजे काय, तो कोणी करावा आणि कोणासाठी करावा, हा प्रश्न अलीकडे मोठ्या शहरांतून वारंवार ऐकू येतो. त्याचे उत्तर शोधण्यास या दोन जागांइतकी सोयीची स्थळे क्वचितच सापडतील. एका ठिकाणी छापील ज्ञान आहे, दुसऱ्या ठिकाणी लोकांची आठवण आहे, आणि दोहोंच्या मधून ती नदी वाहते, जिच्यासाठी हे ज्ञान आणि ही आठवण दोन्ही निर्माण झाली.

१९०८ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस या प्रदेशावर विलक्षण पाऊस कोसळला. शहराच्या वरच्या बाजूस शमशाबाद येथील पर्जन्यमापकात २४ तासांत १२.८ इंच पाऊस नोंदला गेला. मुसीच्या पाणलोटात त्या काळी ७८८ तलाव होते. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलास एक. त्यांपैकी २२१ फुटले. एक तलाव फुटला, की त्याचे पाणी खालच्या तलावावर चालून जाई आणि तोही फोडी. २८ सप्टेंबरच्या पहाटे ही सारी जलराशी शहरावर आली. पूल खचले, १५७८ सालचा पुराणा पूल एवढाच दोन तीरांमधला दुवा उरला. अफझलगंजातील जुने रुग्णालय वाहून गेले. सुमारे साडेचार लाख वस्तीच्या त्या शहरात मृतांचा आकडा सामान्यतः १५,००० असा सांगितला जातो. त्याहून मोठे आकडे सांगणारेही आहेत. जे घाटावर, झोपडीत, भाड्याच्या खोलीत राहत होते, त्यांची शिरगणती मरणानंतर तरी कोण करणार?

पुरानंतर निजाम सरकारने जो मनुष्य बोलाविला, त्याचे नाव महाराष्ट्रास परके नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले. मुंबई सरकारच्या नोकरीत त्यांनी नाशिकपासून पुण्यापर्यंत कामे केली. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसविलेले आपोआप उघडणारे दरवाजे अभियंत्यांच्या वर्तुळात कौतुकाचा विषय झाले होते. सरकारी नोकरीतून मोकळे होऊन ते युरोपच्या प्रवासात असता हैदराबादेचे बोलावणे त्यांस मिळाले. १९०९ च्या एप्रिलात त्यांनी कामास हात घातला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या आरंभी अहवाल सादर केला. अवघ्या साडेपाच महिन्यांत! आजच्या समित्यांच्या मुदतवाढी पाहिल्या, म्हणजे या वेगाचे नवल वाटते.

पण नवल वेगाचे नाही, पद्धतीचे आहे. या विनाशाकडे दैवी कोप म्हणून पाहणारे तेव्हा पुष्कळ होते. विश्वेश्वरय्यांनी तो मोजला. किती पाऊस पडला, किती क्षेत्रावर पडला, कोणकोणते तलाव फुटले, पाण्याची उंची कोठवर गेली, हे त्यांनी एकत्र मांडले आणि शहराजवळून दर सेकंदास सव्वाचार लाख घनफूट पाणी वाहून गेले असावे, असा अंदाज काढला. मग त्यांनी सांगितले, की शहरात भिंती उंच करून हे पाणी आवरणार नाही. ते शहरापर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडविले पाहिजे. मुसीवर आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर, शहराच्या वर काही मैलांवर, दोन जलाशय बांधावेत, ही त्यांची मुख्य शिफारस. शिवाय शहराची गटारव्यवस्था सुधारावी, नदीचे काठ बांधून घ्यावेत, तेथे रस्ते व बागा कराव्यात, हेही त्यांनी सुचविले. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. उस्मानसागर १९२० साली पुरा झाला, हिमायतसागर १९२७ साली. या दोन जलाशयांनी पुढे कित्येक दशके शहरास पूर आवरून दिला आणि पिण्याचे पाणीही पुरविले. चांगला अभ्यास धोरणात उतरला आणि धोरण दगडमातीत उतरले, याचे असे उदाहरण आपल्या देशात फार नाही.

तथापि या अहवालात जे मावले नाही, तेही ध्यानात घेतले पाहिजे. उर्दूतील विख्यात रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी त्या पुरात वाहून गेली आणि ते एकटे वाचले. त्यांनी त्या रात्रीवर काव्य लिहिले. एका कवीची ही साक्ष उरली. हजारो घरांची उरली नाही. कोणत्या गल्लीत पाणी प्रथम शिरले, कोणी कोणास हाक दिली, कोण चिंचेवर चढू शकले आणि कोणास चढता आले नाही, हे कोणी लिहून घेतले नाही. अभियंत्याकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पाणी मोजणे हे त्याचे काम. ते त्याने उत्तम केले. माणसांना विचारणे हे काम दुसऱ्या कोणाचे होते, आणि तो दुसरा कोणी तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

तो असावा, यासाठी पुढे संस्था निघाल्या. हैदराबादेतच १९५६ साली प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज’ स्थापन झाले. ते ज्या ‘बेला व्हिस्टा’ वाड्यात भरते, तो वऱ्हाडचा युवराज म्हणविणाऱ्या निजामपुत्राचा राहता वाडा होता. ज्या वऱ्हाडावर त्या युवराजाची सत्ता कधी चालली नाही, त्याचे नाव मात्र वाड्याला चिकटून राहिले! ग्रामविकासाची राष्ट्रीय संस्था १९६५ साली मसुरीहून येथे आली. आता तर केवळ सार्वजनिक धोरण हाच विषय शिकविणाऱ्या स्वतंत्र शाळा निघाल्या आहेत. गीतम विद्यापीठाची कौटिल्य धोरणशाळा २०२१ पासून हैदराबादेत चालू आहे. अशा शाळा आपली तीन कामे सांगतात: संशोधन, सभा-परिसंवाद आणि लोकांशी संबंध. ही तिन्ही चांगलीच आहेत. पण त्यांचा परस्पर संबंध कसा असावा, हे पत्रकावरून कळत नाही. त्यासाठी पुण्याकडे वळावे लागते.

रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजास दिलेल्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. १९३६-३७ साली या संस्थेची माणसे कागद-पेन्सिल घेऊन पुण्याच्या पेठांतून दारोदार फिरली. घरात माणसे किती, कमावते किती, धंदा कोणता, खोल्या किती, भाडे किती. हे प्रश्न दिसायला साधे, पण पुण्याच्या गृहस्थास ते अनोळखी माणसाने विचारावेत, हेच मुळी नवे होते. पाहणीचा पहिला भाग १९४५ साली व दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. सामान्य विद्वान येथे थांबला असता. गोखले संस्था थांबली नाही. युद्धानंतर, फाळणीनंतर शहर बदलले आहे असे दिसताच तिने पुण्याची पुन्हा पाहणी केली, आणि नी. वि. सोवनी व त्यांचे सहकारी यांचा फेरपाहणीचा ग्रंथ १९५६ साली बाहेर पडला.

‘फेरपाहणी’ या शब्दात धोरणाच्या अभ्यासाचे सारे मर्म आहे. पहिल्यांदा जाणारा अभ्यासक पाहुणा असतो. दुसऱ्यांदा त्याच दारात उभा राहणारा अभ्यासक काही अंशी उत्तरदायी होतो. कारण घरातली बाई त्यास सहज विचारू शकते, की मागे लिहून नेले, त्याचे पुढे काय झाले? हैदराबाद संस्थानातही असे उदाहरण आहे. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० साली संस्थानातील खेड्यांची आर्थिक पाहणी केली. मराठवाड्यातील गावेही तीत होती. निजामी राजवट संपल्यावर, १९४९ ते १९५१ या काळात, त्यांनीच ती चौकशी पुन्हा केली. वीस वर्षांचे अंतर आणि तोच अभ्यासक! आजच्या दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पांस हे साधणे कठीण आहे, हेही खरे.

गाडगिळांचे दुसरे उदाहरण पाण्याचेच आहे. गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्यांचे नेमके किती हित झाले, याची पाहणी त्यांनी केली. ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. सरकारच्या हिशेबात कालव्याचे उत्पन्न म्हणजे वसूल झालेली पाणीपट्टी. गाडगिळांनी पाणी मिळालेली व न मिळालेली गावे शेजारी शेजारी ठेवून दाखविले, की पाण्याचा लाभ शेतापुरता राहत नाही. तो मजुरापर्यंत, बाजारापर्यंत जातो. आणि ज्या प्रवरेच्या काठी ही मोजदाद झाली, त्याच प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद या प्राध्यापकाकडे आले. शेतकऱ्यांनी आपला कारखाना अर्थशास्त्रज्ञाच्या हाती द्यावा, यासाठी त्या अर्थशास्त्रज्ञाने आधी किती बांध तुडविले असतील!

सभांचे म्हणाल, तर याच संस्थेच्या वार्षिक दिनी २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्याच्या गोखले सभागृहात संघराज्याच्या योजनेवर व्याख्यान दिले. ज्या नेत्याशी संस्थेच्या परंपरेचे अनेक बाबतींत मतभेद असतील, त्यास बोलावून त्याचे म्हणणे ऐकावयाचे, यास सभा म्हणतात. ज्यांचे आपसांत आधीच एकमत आहे अशांनी एकत्र येऊन एकमेकांस पुष्पगुच्छ देणे, हा निराळा प्रकार आहे. तोही हल्ली सभा याच नावाने चालतो.

आता पुन्हा मुसीकडे येऊ. विश्वेश्वरय्यांनी सुचविलेले जलाशय झाले, पण पुढे त्यांचे पाणलोटच धोक्यात आले. ८ मार्च १९९६ रोजी आंध्र प्रदेश सरकारने १११ क्रमांकाचा आदेश काढून दोन्ही जलाशयांच्या भोवती १० किलोमीटरपर्यंत प्रदूषण करणारे कारखाने, मोठी हॉटेले, निवासी वसाहती यांवर बंधने घातली. ८४ गावे या कक्षेत आली. याच जलाशयांच्या रक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९९९ च्या निर्णयात न्यायालयाने कबूल केले, की असे गुंतागुंतीचे शास्त्रीय प्रश्न सोडविण्यास न्यायाधीशांबरोबर तज्ज्ञांची जोड हवी. अभ्यासाची उणीव न्यायालयासच भासली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पण या ८४ गावांतील शेतकऱ्याची बाजूही आहेच. शहर त्याच्या वेशीपर्यंत आले. पलीकडच्या गावात एकराचा भाव आकाशास भिडला. त्याच्या जमिनीस मात्र गिऱ्हाईक नाही. शहरास पाणी शुद्ध मिळावे म्हणून आपण गरीब राहावयाचे काय, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. त्याचे उत्तर भरपाईत, भागीदारीत, पाणलोट राखणाऱ्या गावास शहराने काही देण्यात शोधता आले असते. ते शोधण्यासाठी पाव शतक हाती होते. अखेर १२ एप्रिल २०२२ रोजी तेलंगण सरकारने ती बंधने उठविणारा आदेश काढला. शहरास या जलाशयांचे पाणी आता थोडेच लागते, हे त्याचे समर्थन. मात्र ते जलाशय पाणी पाजण्याआधी पूर अडविण्यासाठी बांधले गेले होते, हे या समर्थनात विसरले जाते.

पूर तर येतच राहिले. २००० च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस पडला आणि शहरातले नाले रस्त्यांवर आले. त्यानंतर किर्लोस्कर सल्लागार संस्थेकडून नाल्यांची पाहणी करविली गेली; तिचा अहवाल २००३ साली आला. नाले रुंद करावेत, त्यांवरील बांधकामे दूर व्हावीत, अशा त्यातील सूचना. त्यांची अंमलबजावणी अर्धवट राहिली. २०२० च्या जुलैत पावसाचे पाणी खुद्द उस्मानिया रुग्णालयाच्या खोल्यांत शिरले, जुनी इमारत बंद करावी लागली, आणि ऑक्टोबरात शहराचे कित्येक भाग जलमय झाले. विश्वेश्वरय्यांच्या अहवालाची फेरपाहणी मोटारीतून नव्हे, तर पायांनी, नाल्यानाल्याच्या काठाने, दर दहा वर्षांनी झाली असती, तर हे चित्र काहीसे निराळे दिसले असते.

२०२४ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुनरुज्जीवनाच्या योजनेसाठी सरकारी माणसे नदीपात्रातील वस्त्यांत आली आणि त्यांनी घरांवर तांबड्या रंगाने खुणा केल्या. अफझलगंजच्या खाली, चादरघाटानजीकच्या मूसानगर व शंकरनगर या वस्त्यांतून कुटुंबे हलविण्यास आरंभ झाला. त्यांस दोन शयनगृहांची सरकारी घरे देऊ केली गेली. काही आनंदाने गेली. पुष्कळांनी विरोध केला, मोर्चे निघाले, प्रकरण न्यायालयात गेले. नदीपात्रात माणसाने राहू नये, हे १९०८ ने शिकविलेच आहे. जो तेथे राहतो तो शौकाने राहत नाही, हेही तितकेच खरे. नव्या घरापासून कामाचे ठिकाण किती लांब पडेल? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे बसभाडे तिच्या पगारात बसेल काय? मुलाची शाळा अर्ध्या वर्षात बदलता येईल काय? हे प्रश्न तांबडा रंग लावण्यापूर्वी विचारावयाचे असतात. धोरणाच्या शाळेतील विद्यार्थ्यास याहून चांगली प्रयोगशाळा कोठे मिळणार? पुण्याच्या पेठांतून १९३६ साली फिरलेला कागद आजही तितकाच उपयोगी आहे. त्यावर फक्त दोन स्तंभ वाढवावे लागतील. पहिल्यात, कुटुंब हलले त्या दिवशी काय सांगितले गेले. आणि दुसऱ्यात, पाच वर्षांनी काय आढळले.

भाषेची अडचण राहते. अफझलगंजात दखनी उर्दू चालते, तेलुगू चालते. मारवाडी पेढीवाल्यांची बोली ऐकू येते. आणि कोठी-गौलीगुड्याच्या बाजूने जुन्या मराठी कुटुंबांची बोलीही कानावर पडते. जवळच इसामिया बाजारात १९२२ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पण या लोकांविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा इंग्रजीत. पुण्याची पाहणीही इंग्रजीतच छापली गेली होती, हे मान्य करावे लागते. तो दोष एकट्या आजच्या पिढीचा नव्हे. तरी ज्याच्या घराविषयी निर्णय व्हावयाचा, त्यास तो अहवाल वाचता येत नसेल, तर निदान वाचून दाखविला पाहिजे. हे काम पदवीच्या अभ्यासक्रमात बसविणे अवघड नाही. उलट, आपण जे लिहिले ते मूसानगरच्या चार बायांसमोर उर्दूत सांगता आले की नाही, यासारखी दुसरी परीक्षा नाही.

अफझलगंजात अशी एक सभा आपोआप चालत आली आहे. सप्टेंबरच्या अखेरीस, पुराच्या स्मरणदिनी, शहरातील काही नागरिक त्या चिंचेखाली जमतात. बुडालेल्यांचे स्मरण होते, झाडाविषयी कृतज्ञता व्यक्त होते, नदीच्या सद्यःस्थितीवर कोणी बोलतात. तेथे मंच नसतो, ध्वनिक्षेपक असलाच तर लहान. रुग्णाचे नातेवाईक डबा घेऊन जाता जाता थबकतात आणि झाडाकडे पाहून पुढे जातात. एखाद्या धोरणशाळेने आपला वार्षिक परिसंवाद कधी येथे भरवावा. पाहुण्यांना सतरंजीवर बसावे लागेल, आणि प्रश्न विचारणाऱ्यांत परवानगी न घेता बोलणारे निघतील.

या झाडापासून थोड्या अंतरावर, नदीच्या पात्रालगत, महात्मा गांधी बसस्थानक आहे. जुने लोक त्या जागेस अजून इमलीबन म्हणतात. इमलीबन म्हणजे चिंचांचे बन. २०२५ च्या सप्टेंबरात, २६ तारखेच्या रात्री, वरच्या जलाशयांचे दरवाजे उघडल्यावर मुसीचे पाणी या स्थानकात शिरले. गावी निघालेले उतारू रात्रभर अडकले आणि बचाव पथकांनी त्यांस बाहेर काढले. १९०८ च्या त्या रात्रीस ११७ वर्षे पुरी व्हावयास तेव्हा दोनच दिवस उरले होते.